पाण्यावरील घर कोणाचें?

ज्याच्या हातीं जागेचा कागद नाहीं, त्याचा त्या जागेवर कांहींच हक्क नाहीं काय? हा प्रश्न आपल्या खेड्यांतहि नवा नाहीं. सातबाऱ्यावर नांव नसलेला मनुष्य चावडीवर बोलावयास उभा राहिला कीं त्याचा आवाज आपोआप खालीं येतो. परंतु आज एका दूरच्या उदाहरणावरून विचार करूं.

पश्चिम आफ्रिकेंत नायजेरिया देशांतील लागोस शहराच्या खाडीवर मकोको नांवाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे. चिखलांत लाकडी खांब रोवून त्यांवर घरें उभारलेलीं. शेजारीं जावयाचें तरी होडींतून. पुरुष मासे धरितात, बायका ते धुरावर वाळवून विकतात. तेथें एगुन, इलाजे, योरुबा असे नाना लोक राहतात. कित्येक बेनिन देशांतून आलेले, म्हणून फ्रेंचहि कानीं पडते. सन २०१२ च्या जुलैंत अवघ्या ७२ तासांची सूचना देऊन सरकारनें येथील पुष्कळ घरें पाडिलीं.

त्याच शहरांत ओतोदो ग्बामे ही एगुन कोळ्यांची दुसरी वस्ती होती. ती मोडूं नये, असा न्यायालयाचा हुकूम नोव्हेंबर २०१६ मध्यें झाला. तो होऊन चार दिवस लोटले नाहींत तोंच तेथें आग लागली व घरें जमीनदोस्त झालीं. अधिकारी म्हणाले, एगुन व योरुबा आपसांत भांडले, त्यांतून हें घडलें. रहिवाशांनीं तें नाकारिलें. वाचकहो, क्षणभर भांडण खरें धरा. दोन शेजारी भांडले म्हणून तिसऱ्यानें दोघांचींहि घरें मोडावीं, हा कोणता न्याय?

घाण पाणी, रोगराई, आगीचें भय, हीं सरकारचीं कारणें अगदींच खोटीं नव्हत. पण पाणी घाण असेल तर स्वच्छ पाणी आणावें. पिणाऱ्यास हांकून देणें हा उपाय कसा? कागद हक्काची साक्ष देतो, हक्क जन्मास घालीत नाहीं. ज्यानें खांब रोविला, ज्याचीं लेंकरें त्या फळ्यांवर रांगलीं, त्याच्याशीं बोलल्यावांचून त्याला उठवितां येतें, असें मानणें मला तरी चोरीहून फार निराळें वाटत नाहीं.

एप्रिल २०१७ पर्यंत त्या वस्तींतून सुमारें ३०,००० माणसें निघालीं. जूनमध्यें उच्च न्यायालयानें ही हकालपट्टी घटनाबाह्य व क्रूर ठरविली, आणि पुनर्वसनासाठीं लोकांशीं बोलणें करावें असें सांगितलें. घरें मात्र पुन्हा उभीं राहिलीं नाहींत.