पासवर्ड होता हो!

गाडीतून गेलेल्या एका लॅपटॉपबद्दलचा बुधवारचा खुलासा मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो निव्वळ व्याकरणासाठी. लॅपटॉप 'गहाळ झाला', गाडीत तो 'राहून गेला होता', चौकशी 'सुरू करण्यात आली आहे'. सबंध खुलाशात काही करणारा माणूस एकही नाही. लॅपटॉपच उठला, त्याने गाडीचं दार उघडलं आणि तो चालू पडला. 'करण्यात आले' या शब्दांशी माझं वैर किती जुनं आहे ते या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. तरी म्हटलं, खुलाशांची भाषा अशीच असायची. पण शेवटचं वाक्य एकदम छातीठोक: 'लॅपटॉपला पासवर्ड होता.' एवढ्या पानभर मजकुरात अखेर एक जबाबदार इसम सापडला, तो म्हणजे पासवर्ड.

बाकीच्या सबबी नेहमीच्याच. घाई होती, एकच मिनिट उतरलो होतो, बॅकअप आहे. त्या राहू द्या. मला हा पासवर्ड पाहिजे.

तो म्हणजे लॅपटॉप उघडल्यावर विंडोज विचारतं तो. आमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार बसतो, त्याची ही सख्खी जात. येणाऱ्याला तो वही पुढे करतो: नाव, फ्लॅट नंबर, कुणाकडे, वेळ, सही. मोठा कडक माणूस आहे. माझ्या मेहुण्याला त्याने एकदा भर उन्हात दहा मिनिटं उभं केलं होतं. मात्र मागच्या बाजूची कंपाउंडची भिंत तीन पावसाळ्यांपूर्वी पडली आहे. तिथून कुत्री येतात, भंगारवाला येतो, आणि घाईत असलो की मीही येतो. चोराने लॅपटॉपशी बोलत कशाला बसायचं? तळाचे स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर घ्यायची, बाजारात मिळणाऱ्या साध्या केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. डिस्कला दुसरं संरक्षण नसेल तर सगळे फोल्डर समोर, नावांसकट. पासवर्ड कुणी विचारत नाही, कारण विचारणारं विंडोज चालूच केलेलं नाही. रखवालदार फाटकावर जागाच आहे, वहीही उघडी आहे, आणि भिंतीच्या बाजूने कपाटं चालली आहेत.

ही सबब काही आपल्याकडची नवी नाही. 2007 साली ब्रिटनच्या कर खात्याने दोन सीडी टपालातून पाठवल्या आणि त्या पोहोचल्याच नाहीत. त्यांवर अडीच कोटी माणसांची माहिती होती: मुलांच्या जन्मतारखा, पत्ते, बँक खात्यांचे तपशील. तेव्हाही सीडींना पासवर्ड होता. माहिती सांकेतिक केलेली नव्हती, एवढंच. खात्याच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पासवर्डने दिल्याचं ऐकिवात नाही.

'लॅपटॉपला पासवर्ड होता' हे वाक्य खोटं नाही, आणि माझा राग त्याचाच आहे. खोटं असतं तर पकडता आलं असतं. शेजारणीकडे आपण लग्नाचे दागिने ठेवायला द्यावेत, ते जावेत, आणि तिने म्हणावं, 'कपाटाला कुलूप होतं हो!' आपण पहिला प्रश्न विचारू, किल्ली कुठे होती? आपल्याकडच्या लोखंडी कपाटाची किल्ली कपाटाच्याच डोक्यावर, वर्तमानपत्राखाली असते, आणि लॉकरची तिसऱ्या कप्प्यात पैठणीखाली. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, पाहुण्यांनासुद्धा. स्वतःच्या दागिन्यांचं काय ते ज्याचं त्याने बघावं. पण सीएच्या लॅपटॉपमध्ये दोनशे घरांचे पॅन आणि पासबुकं असतात, डॉक्टरांच्या लॅपटॉपमध्ये लोकांनी नवऱ्यालाही न सांगितलेले रिपोर्ट असतात. दुसऱ्याची ठेव सांभाळायला घेतली की कुलूप कसं चालतं ते शिकून घ्यावं लागतं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने 'रास्त' काळजी न घेणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. त्या 'रास्त'वर आता वकील वर्षानुवर्षं भांडतील. त्यांच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते एकदा विचारायला हवं.

बऱ्याच लॅपटॉपना खरं कुलूप असतं. मशीन सुरू होताना सेटअपमध्ये शिरलं की हार्ड डिस्कचा पासवर्ड घालता येतो. तो डिस्कमध्येच राहतो, त्यामुळे डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली तरी ती आधी त्याचीच मागणी करते. एक वापरणाऱ्याचा, एक मास्टर. कचेरीने मास्टर स्वतःकडे ठेवावा, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्याच्या पाया पडावं लागत नाही. यावरही जाणकार वळसा काढतात, म्हणून डिस्कवरचा सगळा मजकूरच सांकेतिक करणं उत्तम. विंडोजमध्ये ते काम बिटलॉकर करतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. त्यातही 2018 साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी दाखवून दिलं, की स्वतःच मजकूर सांकेतिक करणाऱ्या काही नामांकित डिस्कांमध्ये पासवर्डचा आतल्या किल्लीशी संबंधच जोडलेला नव्हता. तिथेही पासवर्ड होता हो.

इतका उपदेश केल्यावर माझंही सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी असाच पेटून उठून मी हार्ड डिस्कला पासवर्ड घातला. अस्सल मराठी शब्द, रोमन अक्षरांत. शब्द आजही पाठ आहे. त्यातला 'क्ष' के-एस-एच लिहिला होता की नुसता एक्स, शेवटी एक 'ए' की दोन, एवढंच आठवेना. ठरावीक चुका झाल्या की डिस्क तोंड फिरवते, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. एक अख्खा रविवार मी मराठीच्या रोमन लेखनाचे पाठभेद तपासले. सोमवारी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्या पोराने एक नजर टाकली.

"काका, नवी डिस्क टाका."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं."

गेलं. इथेही करणारा कोण ते वाक्यात नव्हतं, पण दुकानातल्या आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

आताच्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे. त्याची अडचणीच्या वेळची किल्ली 48 आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. ती लॅपटॉपपासून दूर, सुरक्षित जागी ठेवायची असते. मी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी. "अहो, एवढं दूध कधी घेतलं आपण?" असं हिने विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जाईल. त्याआधी आठवणीने आकडे उतरवून घेईन, बहुतेक. तोवर चोराला लॅपटॉप दिवाणखान्यातून आणि कॅलेंडर स्वयंपाकघरातून उचलावं लागेल, आणि दोन्ही घेऊन मागच्या बाजूने निघावं लागेल. भिंतीचं काम, सोसायटीच्या फळ्यावर लिहिल्याप्रमाणे, लवकरच हाती घेण्यात येणार आहे.