जयपालसिंगांची नामंजूर दुरुस्ती

जयपालसिंग मुंडा यांचा गौरव करायचाच, तर सभागृहात ते जिथे हरले तिथून सुरुवात करावी.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात नऊ ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक निघते, ढोल घुमतो आणि भाषणांत बिरसा मुंडांबरोबर संविधानही येतं. जयपालसिंगांचं नाव निघालंच तर ऑक्सफर्डला शिकलेला, १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधला हॉकी कर्णधार म्हणून निघतं. घटना समितीतलं त्यांचं काम मात्र दोन टाळ्यांत आटोपतं. त्या कामाचा शहाद्याच्या सातबाऱ्याशी थेट संबंध आहे, म्हणून मला हे खटकतं.

१९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला, पण कृतज्ञतेचा सूर लावला नाही. आमच्या लोकांना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून तुम्हीच शिका, अशा आशयाचं ते बोलले. पुढे ५ सप्टेंबर १९४९ रोजी आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराबद्दलच्या पाचव्या अनुसूचीचा सुधारित मसुदा आला. त्यात राज्यपालाच्या हाती मोठं हत्यार दिलं होतं: आदिवासींच्या जमिनीचं हस्तांतर रोखणं, सावकारीवर लगाम घालणं. ते कधी चालवायचं हे ठरवताना जनजाती सल्लागार परिषदेचं वजन मात्र आधीच्या मसुद्यापेक्षा घटलं होतं. जयपालसिंगांनी नेमका यालाच आक्षेप घेतला. परिषद नुसती विचारण्यापुरती नको, ती परिणामकारक हवी, हा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. संरक्षण मिळालं, निर्णयाचा अधिकार मिळाला नाही.

या फरकाची किंमत शहाद्यात मोजली गेली. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर ऊस आणि कापूस वाढत होता. ज्यांच्या बापजाद्यांनी ही जमीन कसली, ते अनेक भिल्ल कर्जापायी ती गमावून दुसऱ्याच्या शेतावर सालदार झाले होते. जमीनमालकांच्या पीक संरक्षण सोसायट्यांची माणसं त्यांच्यावर नजर ठेवत. संविधान लागू होऊन वीस वर्षं उलटली होती आणि राज्यपालाचे अधिकार पुस्तकात शाबूत होते! मे १९७१मध्ये या भागातल्या पाटीलवाडीत धान्य मागायला आलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला, एक जण मेला.

त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. ते स्वतः भिल्ल, सर्वोदयाच्या वाटेनं आलेले, लोकांचे ‘अंबरसिंग महाराज’. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, वाहरू सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यातले. बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले. गेलेली जमीन, सालदाराची मजुरी, सोसायटीचा जाच हे विषय लोक आता आपसात बसून ठरवत होते. परिषद परिणामकारक हवी म्हणजे काय, याचं उत्तर मला या बैठकांत दिसतं. तिथे कोणा राज्यपालाची वाट पाहिली जात नव्हती.

आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. अंबरसिंग १९७४मध्येच गेले होते. कायद्याला आव्हान दिलं गेलं आणि १९८४मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. एकट्या शहाद्यामुळे कायदा झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण मोर्च्यांशिवाय तो झाला असता यावर माझा विश्वास नाही. राज्यघटनेनं दार ठेवलं होतं. ते उघडायला मात्र माणसं रस्त्यावर यावी लागली.

म्हणून कोणा एका थोर पुरुषानं ‘हक्क मिळवून दिले’ हे वाक्य मी जपून वापरतो. जयपालसिंगांनाही ते फारसं मानवलं नसतं. आपण अपुरं मिळवलं आहे, हे त्यांनी सभागृहातच सांगून ठेवलं होतं.

ते अपुरेपण अजून संपलेलं नाही. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला बळ दिलं, महाराष्ट्राचे नियम २०१४मध्ये आले. पण भूसंपादनाच्या वेळी मूळ कायदा ग्रामसभेचा विचार घ्यायला सांगतो, तिची संमती बंधनकारक करत नाही. म्हणजे १९४९चीच तडजोड, फक्त परिषदेच्या जागी गाव. त्यातही १९८५च्या आदेशानं नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात पूर्ण घेतले, शहाद्याची मात्र काहीच गावं. यादीतल्या गावच्या पावरा-भिल्लांना पेसाची ग्रामसभा आहे. यादीबाहेरच्या गावात उसाच्या फडात राबणाऱ्या त्यांच्याच सोयऱ्यांना ती नाही. पुढच्या नऊ ऑगस्टला जयपालसिंगांचा फोटो लावणार असाल, तर त्याखाली यादीबाहेर राहिलेल्या गावांची नावं लिहा आणि ती यादी तहसील कचेरीत घेऊन जा.