गेटवरची चिठ्ठी

चेन्नईजवळचं ओरगडम म्हणजे तमिळनाडूचं चाकण. रेनो आणि निसानच्या मोटारी, रॉयल एनफिल्डच्या मोटरसायकली, डेमलरचे ट्रक इथे तयार होतात. सुटे भाग पुरवणारे आसपासच.

समजा, प्रत्येक पुरवठादाराकडे एकच टेम्पो, प्रत्येक कारखान्याला एकच गेट. एकेका टेम्पोला रोज दहा कारखाने गाठायचे, एकेका गेटवर दहा टेम्पो यायचे. कोणी कधी जायचं?

पुरवठादार आणि कारखाने हे ठिपके, फेरी ही रेघ, वेळ हा रंग. एका ठिपक्याला टेकणाऱ्या दोन रेघा एकाच रंगाच्या नकोत. ग्राफच्या कडा रंगवणं म्हणतात ते हेच. अशा दोन गटांच्या चित्राला दहा रंग पुरतात, हे हंगेरीच्या डेनेश कोनिगने १९१६ सालीच दाखवलं. पण त्यासाठी अख्खं चित्र कोणाच्या तरी टेबलावर हवं. आपली गिऱ्हाइकांची यादी शेजाऱ्याला कोण दाखवतो?

मग सगळ्यांना एकच नियम द्यावा? यादीतल्या पहिल्याकडे सकाळी आठला, दुसऱ्याकडे नऊला? सगळ्यांच्या याद्या सारख्या निघाल्या, तर आठ वाजता एकाच गेटवर रांग. माणसं सारखी आणि नियमही सारखा, मग फरक पडावा कुठून? तो चिठ्ठ्यांतून आणायचा. प्रत्येक पुरवठादाराने दहा वेळांच्या दहा चिठ्ठ्या पिसून एकेका कारखान्याला एकेक लावायची. स्वतःशी त्याची टक्कर होत नाही. गेटवर एका वेळेला तिघे आले, तर एकाला आत घ्यायचं. बाकीच्यांनी नव्या वेळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या.

परत किती जातात? एखादी वेळ रिकामी राहायची तर दहाही टेम्पोंनी ती टाळायला हवी. याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे ०.३५. जेवढ्या वेळा रिकाम्या, तेवढेच टेम्पो परत. दहाच्या जागी शंभर घेतले, तर हा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. पुढच्या खेपेला नव्या वेळाही आधीच्या ३७ टक्केच लागतात. १ अधिक ०.३७ अधिक ०.१४... बेरीज १.५८. कोनिगच्या किमान रंगांच्या दीडपटीहून थोडेच जास्त, तेही कोणी कोणाची यादी न पाहता! अलेस्सांद्रो पांकोनेसी आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अरविंद श्रीनिवासन यांच्या १९९० च्या दशकातल्या कामाचं मर्म हेच.

पण ही झाली सरासरी. एखाद्या गेटचं नशीबच फुटकं निघालं तर? अशी शक्यता किती, हे मोजायची नेहमीची सूत्रं एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांसाठी असतात. इथे संबंध आहे, पण तो आपल्या बाजूने. एक वेळ रिकामी राहिली, तर तिथे न आलेले टेम्पो दुसऱ्याच कुठल्या वेळांत पडलेले असणार. म्हणून बाकीच्या रिकाम्या राहण्याची शक्यता उलट घटते. असल्या घटनांनाही लागू पडतील अशी ती सूत्रं या दोघांनी वाढवून घेतली. दहा टेम्पोंच्या गेटवर मात्र हा भरवसा तोकडा पडतो. तो टेम्पो शेकड्यांनी येतात तिथला.