चाणक्य, राक्षस आणि पाच राजे

विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे हेरांचे नाटक आहे. त्याच्या सात अंकांत प्रणयाला जागा नाही. गारुडी असो, यमपट दाखविणारा असो की क्षपणक, जो तो कोणाचा तरी हेर. १८८४ साली या नाटकाची आवृत्ती सिद्ध करणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग पेशाने वकील होते व पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही, कारण नाटकाचा सारा डोलारा पुराव्यावर उभा आहे.

राक्षस निष्ठावंत आणि चाणक्य कुटिल, असा निवाडा देऊन लोक मोकळे होतात. परंतु साधनांपुरते पाहिले तर दोघांत डावे-उजवे करणे कठीण. चंद्रगुप्ताकडे विषकन्या धाडली ती राक्षसाने. तोरण पाडण्याचा, वैद्याकरवी विष देण्याचा, शयनगृहातील भुयारात मारेकरी दडविण्याचा बेतही त्याचाच. बेत फसले म्हणून हात स्वच्छ ठरत नाहीत. अपराधाचा प्रयत्न हाही अपराधच. चाणक्याने ती विषकन्या पर्वतकाकडे वळविली, अर्धे राज्य देऊ केलेला तो मित्र मेला, आणि दोष मात्र राक्षसाच्या माथी आला!

चाणक्य स्वतःसाठी काही मिळवीत नाही, हे खरे. सम्राटाचा हा मंत्री गोवऱ्या फोडण्याचा दगड आणि दर्भाची रास असलेल्या पडक्या घरात राहतो. पण निरिच्छता हा बचाव मानावा काय? पाचव्या अंकात मलयकेतूपुढे जे पत्र येते त्यातील अक्षर खरोखरच शकटदासाचे, मुद्रा खरोखरच राक्षसाची, अलंकारही खरोखरच पर्वतकाचे. प्रत्येक पुरावा खरा आणि निष्कर्ष तेवढा खोटा! अशी जुळणी ज्याने न्यायालयात पाहिली आहे त्याच्या अंगावर येथे काटा उभा राहतो. मलयकेतू राक्षसाला हाकलतो आणि त्याचे पाच साथी राजे ठार करवितो. ज्यांना भूमीचा लोभ होता असे ठरले त्यांना जमिनीत पुरले, ज्यांना हत्तींचा, त्यांना हत्तींच्या पायी दिले. हा अनपेक्षित परिणाम होता, असे चाणक्याच्या वकिलालाही म्हणता येणार नाही. पहिल्याच अंकात त्या पाचांची नावे मनात योजताना त्याने चित्रगुप्ताला ती खुशाल पुसून टाकण्यास सांगितले होते.

राक्षसाच्या अंगीही दोष आहेत. चंदनदासाच्या घरी आपले कुटुंब ठेवून त्याने त्या सराफाला सुळाच्या वाटेवर आणले, आणि हाताखालच्या माणसांची पारख त्याला कधी साधली नाही. तरीही मित्राचा वध होणार असे कळताच तो स्वतः वधस्थानी चालत येतो. चंदनदासाचे प्राण हवे असतील तर चंद्रगुप्ताचे मंत्रिपद घे, अशी अट चाणक्य घालतो. मेलेल्या धन्यावरील निष्ठा की जिवंत मित्राचे प्राण? राक्षस शस्त्र हाती घेतो. काही टीकाकार याला पराभव म्हणतात. आमच्या मते साऱ्या नाटकात समोरच्या एका माणसाच्या जिवाची किंमत मोजून केलेला राजकारणी पुरुषाचा हा एकमेव निर्णय आहे. आणि राक्षस असाच वागेल हे चाणक्याने आधीच हेरले होते. सज्जनपणाचाच त्याने फास केला. शत्रूचा एवढा गौरव आणि एवढी विटंबना एकाच कृतीत क्वचितच साधते.

मलयकेतूला बापाचे राज्य परत मिळते. चाणक्य हत्तीघोडे वगळून सर्वांची बंधने सोडण्याची आज्ञा देतो आणि आपली शेंडी बांधतो. ते पाच राजे बंधनात नव्हतेच.