आधार केव्हा काढावा?

काँक्रीटची भिंत ओतताना ओल्या मिश्रणाला आकार देऊन धरून ठेवणारा साचा, म्हणजे बांधकामाच्या बोलीतले शटरिंग, केव्हा काढावा हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा असला, तरी आधाराची गरज कधी संपते या साधनामार्गातील जुन्या प्रश्नावर तो प्रकाश टाकतो. न्यायदर्शनानुसार ज्या द्रव्यात कार्य नांदते ते समवायी कारण आणि जे कार्य घडवून बाजूला होते ते निमित्त कारण होय. घट घडल्यानंतर कुंभाराचा दंड मोडला तरी घट टिकतो. या अर्थाने शटरिंग निमित्त कारण ठरते. परंतु सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होत असल्यामुळे भिंतीला आकार आधी येतो आणि ताकद मागाहून, टप्प्याटप्प्याने येते. म्हणून कार्य ‘घडले’ असे कोणत्या क्षणी म्हणावे, हा पेच उरतो.

भारतीय मानक ४५६ (२०००) भिंती व खांबांच्या उभ्या साच्यांसाठी १६ ते २४ तास, तर स्लॅबच्या टेकूंसाठी गाळ्याच्या लांबीप्रमाणे ७ किंवा १४ दिवस सुचवते. या मुदती साध्या सिमेंटसाठी असून हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसावे, अशी अट आहे. छत्रपती संभाजीनगरातील हिवाळ्याच्या रात्री पारा त्याखाली उतरतो, तेव्हा केवळ घड्याळावर विसंबता येत नाही. खरी कसोटी अशी की, साचा काढताना काँक्रीटवर जो ताण येईल त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी. भिंतीच्या साच्याचे काम मुख्यतः आकार देण्याचे, टेकूचे काम भार वाहण्याचे. मुदतींतील अंतर यातूनच येते.

साधनेतही हा भेद करावा लागतो, कारण आचारनियम वृत्तीला वळण देतात, तर गुरूचा आश्रय साधकाचा भार वाहतो. पैठणच्या एकनाथांनी देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सान्निध्यात अध्ययन केले आणि पुढे गुरूंच्याच आज्ञेने तीर्थयात्रा करून पैठणला गृहस्थाश्रम स्वीकारला, असे परंपरा सांगते. तेथे निरोपाची वेळ शिष्याच्या उतावळेपणाने ठरली नाही. बांधकामातही साचा उशिरा काढल्याने भिंतीचे सहसा नुकसान होत नाही, उलट तिच्यातील ओल टिकते. घाई असते ती तेच शटरिंग पुढच्या कामाला लावण्याची. नियम सोडण्याची निकडही पुष्कळदा अशीच बाहेरून येते. शिवाय साचा निघाल्यावरही, कोरड्या व उष्ण हवेत काँक्रीट ओतल्यापासून किमान १० दिवस, भिंत पाणी मारून ओली ठेवावी लागते. म्हणजे आधार संपतो, संस्कार संपत नाही.

म्हणून अधिकार, म्हणजे पात्रता, साधनेच्या वर्षांवरून किंवा साधकाच्या आत्मविश्वासावरून मोजणे अपुरे आहे. पुढे कोणता भार येणार हे जाणणाऱ्यानेच ती ठरवावी आणि साधकात त्या भारापेक्षा अधिक शक्ती शिल्लक आहे, याची खात्री करून घ्यावी.