दीड तासाचे व्रत

लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेताना आपण त्याची परवानगी मागत नाही. त्याच्या रडण्याने मन कळवळते, पण आपण काही अन्याय करीत आहोत असे वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून फोन काढून घेताना मात्र आपला हात क्षणभर थबकतो. का थबकतो? मुलगा आता खांद्याला लागला म्हणून? की आपल्या दुसऱ्या हातात त्याच वेळी आपलाही फोन असतो म्हणून?

या प्रश्नाची उत्तरे आज देशोदेशी शोधली जात आहेत. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलिया त्याच्याही पुढे गेला. सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये, असा कायदा त्याने केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. नियम मोडल्याचा दंड तेथे मुलाला नाही, आईबापांनाही नाही. तो कंपन्यांना आहे. ही तरतूद मला मोठी शहाणपणाची वाटते.

यावर कोणी म्हणेल, "नव्या गोष्टीला म्हातारे नेहमीच नावे ठेवतात. एके काळी नाटक-कादंबऱ्यांनी मुले बिघडतात असे म्हणत होतेच की!" मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. परंतु कादंबरीला शेवटचे पान असते. ते आले की वाचक पुस्तक मिटतो आणि दिवा मालवतो. शिवाय कादंबरी वाचकाकडे पाहत नसते. तो कोठे रेंगाळला, कशाने चिडला, हे टिपून ती आपले पुढचे प्रकरण बदलीत नाही. फोनमधल्या चित्रफितींना शेवट असा नाहीच. एक संपते न संपते तोच दुसरी हजर होते, आणि ती कोणती असावी हे मुलगा मागच्या फितीपाशी किती वेळ थांबला यावरून ठरते. मोठमोठ्या पगारांची हुशार माणसे त्याला तेथे खिळवून ठेवण्यासाठी राबत असतात. त्यांच्याशी एका पोराने एकट्याने झुंजावे, आणि तो हरला की आपण म्हणावे, "तुझ्या अंगी निग्रहच नाही!" याला न्याय म्हणत नाहीत. मर्यादा हवी ती एवढ्यासाठी.

पण मर्यादा घालण्याचा अधिकार कोठून येतो? केवळ वयातून येतो, असे मला वाटत नाही. फोन मुलांच्या हाती काही चोरपावलांनी आला नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शाळांनीच घरोघर सांगितले की, फोन घ्या, नाहीतर मूल मागे पडेल. कित्येक आईबापांनी हप्त्याने फोन घेतले. आजही अनेक शाळांचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. दिवसा फोनला बंदी आणि संध्याकाळी फोनवर गृहपाठ, हा विचित्र व्यवहार मुलांच्या नजरेतून सुटत नाही. शाळेला बंदी घालायची असेल, तर तिने आधी गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्याकडे पुष्कळ वेळा मर्यादेच्या नावाखाली संशय वावरतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोन घरच्यांनी काढून घेतला. कोणा मुलाचा निरोप आला होता, एवढेच कारण. त्याच फोनवर ती गणिताचे पाठ पाहत असे. तिच्या धाकट्या भावाचा फोन मात्र त्याच्याजवळच राहिला. ही काळजी नव्हे, पहारा आहे. आणि पहाऱ्यात वाढलेले मूल निग्रह शिकत नाही, लपवणे शिकते. मग खरोखरच कोणी त्याला फोनवरून छळू लागले, तर ते ज्या घरात सांगायला हवे तेथेच तोंड मिटून बसते. फोन जाण्याच्या भीतीने मुलाने संकट लपवावे, याहून मोठा तोटा कोणता?

म्हणूनच मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची आठवण होते. कडेगाव तालुक्यातल्या या गावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे फोन आणि टेलिव्हिजन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, आणि मग ज्याला हवे त्याने ते सुरू करावे. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे वा एकमेकांशी बोलायचे. या नियमाचे मर्म भोंग्यात नाही. तो बापालाही लागू होता, यात आहे. केवळ मुलावर लादली जाते ती शिक्षा. सारे घर पाळते ती रीत. आपल्या घरांतून चतुर्थीचा उपास मुलांना कोणी शिकवला नाही. आजी पाळते, आई पाळते, हे पाहून मुले आपणच म्हणत, "मीही आज धरणार!"

रीतही वयाप्रमाणे सैल व्हायला हवी. बाराव्या वर्षीचा नियम सतराव्या वर्षी तसाच राहिला, तर मुलगा निग्रह शिकणार कधी? त्याला हळूहळू स्वतःचा मुखत्यार करणे हाच तर मर्यादेचा हेतू.

वाचकहो, दिवाळीत घरोघरी माणसे जमलेली असतात. फराळाच्या ताटाभोवती पाच माणसे आणि पाच फोन, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. एका संध्याकाळी ते पाचही फोन कपाटात ठेवून पाहा. मात्र पहिला फोन घरातल्या सर्वांत वडील माणसाने ठेवावा. मुले थोडी कुरकुरतील. आपल्यालाही दहा मिनिटांनी हात उगीच खिशाकडे जात असल्याचे कळेल. आपण मुलांकडून काय मागत आहोत, याचा अंदाज त्या दहा मिनिटांत येईल. आणि मग आपण जे मागू ते थोडे अधिक मायेने मागू.