टेन्शनच्या आड गेलेले शब्द

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर पोहोचली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर पोहोचली की धोका पातळी. अंतर चारच फुटांचे, पण शब्द दोन लागतात, कारण दोन्ही वेळी करायचे काम वेगळे असते. इशाऱ्याला जनावरे, धान्य, कागदपत्रे हलवायची तयारी करायची. धोक्याला माणसांनी निघायचे. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाण्याच्या बाबतीत आपण इतके काटेकोर आहोत. मनाच्या बाबतीत मात्र सगळ्या पातळ्यांना एकच नाव देऊन मोकळे झालो आहोत, टेन्शन.

उसाची तोड लांबली, टेन्शन. बिल अडकले, टेन्शन. दहावीचा निकाल, नवऱ्याचे पिणे, आईचे रिपोर्ट, उद्याची खासबागेतली कुस्ती, पुण्याला गेलेल्या मुलाचा न आलेला फोन, सगळे टेन्शनच. आणि त्यावरचा दिलासाही ठरलेला: ‘टेन्शन घिऊ नगंस भावा!’ त्यातली आपुलकी खरी असते. पण कशाचा दिलासा दिला, हे देणाऱ्यालाही पुष्कळदा कळलेले नसते.

आता याच गोष्टी मराठी कशी सांगत आली ते पाहावे. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे. ते मिळाले नाहीत आणि सोसायटीचे हप्ते तोंडावर आले की शेतकऱ्याला लागते ती विवंचना. पैशाअडक्याची, पोटापाण्याची, मार्ग कसा काढायचा याची. मुलाचा फोन आला नाही की आईच्या जिवाला घोर लागतो. घोर लागायला समोर जीव लावलेले माणूस लागते. नदी वाढताना वाटते ती धास्ती. जोड सुटण्याआधी पैलवानाच्या छातीत असते ती धाकधूक, आणि वस्तादांच्या नजरेचे असते ते दडपण. तोड आज येते की उद्या, या अनिश्चिततेत होते ती घालमेल. शेवटच्या दिवसांत वडिलांजवळ बसायला हवे होते असे वर्षांनंतर वाटत राहते ती रुखरुख. लेक सासरी गेल्यावर घरात भरून राहते ती हुरहुर. तिच्यात दुःखाइतकीच मायाही असते.

हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फोन आला की घोर संपतो, पैसे आले की विवंचना संपते, रुखरुख मात्र कशानेच संपत नाही. तिला फक्त ऐकणारे कोणी लागते. म्हणजे शब्द ऐकताच समोरच्याला कळते की आपण धावपळ करायची, पैसे उभे करायचे, की नुसते शेजारी बसायचे. ‘टेन्शन आहे’ एवढ्यावरून यातले काहीच कळत नाही.

काळजी हा शब्द तर मला मराठीतल्या सर्वांत मोलाच्या शब्दांपैकी एक वाटतो. काळजी करणे म्हणजे झुरणे, काळजी घेणे म्हणजे जपणे. ज्याची काळजी वाटते त्याचीच काळजी घ्यायची, हा व्यवहार एकाच शब्दात बसलेला आहे. टेन्शन घेता येते, देता येते, येते आणि जाते. पण त्यातून जपणे कधी निघत नाही.

परक्या शब्दांचा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजाराम कॉलेजात शिकवणारे माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारशीचे मोठे जाणकार. 1925 साली त्यांचा फारशी-मराठी कोश आला. पुढे तेच भाषाशुद्धीचे आग्रही पुरस्कर्ते झाले आणि 1938 मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारशीवर इतके प्रेम केलेल्या माणसाने फारशी शब्द वेचून बाजूला काढावेत, हे मला पटत नाही. फिकीर हा शब्द अरबीतून फारशीच्या वाटेने आला, पण त्याने काळजीला हाकलले नाही. ‘बेफिकीर’सारखा नवा रंग मराठीला दिला. मात्र आपला शब्द असताना परका का घ्यायचा, हा भाषाशुद्धीवाल्यांचा प्रश्न आज पुन्हा विचारण्याजोगा आहे. 1929 साली याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. सिनेमा ही वस्तूच नवी होती. तिला कुणी चित्रपट म्हटले, कुणी पिक्चर, आणि कुठलाही जुना शब्द मेला नाही. टेन्शनने सांगितलेली वस्तू नवी नाही. ती या मातीत पिढ्यान्‌पिढ्या नावानिशी ओळखली जात होती.

टेन्शनच्या बाजूनेही बोलायला हवे. तालमीत वाढलेल्या तरुणाला ‘मला भीती वाटते’ म्हणता येत नाही, ‘टेन्शन आलंय’ म्हणता येते. सासुरवाशिणीला घरातली गोष्ट न उघडता दुखणे तेवढे सांगता येते. हा आडोसा अनेकांच्या उपयोगी पडला आहे आणि तो हिसकावून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. शिवाय इंग्रजी बोलणारे लोक या अर्थाने हा शब्द फारसा वापरतच नाहीत. त्यांचे साध्या काळजीचे शब्द वेगळे आहेत. हा अर्थ आपण, म्हणजे या उपखंडाने, घडवला आहे. मानसिक आरोग्याचे संशोधक दक्षिण आशियातल्या ‘टेन्शन’चा स्वतंत्र अभ्यास करतात, कारण रोजच्या कटकटीपासून खऱ्या आजारापर्यंत सगळेच त्याखाली सांगितले जाते. धोका आहे तो इथेच. इशाऱ्याचे पाणी आणि धोक्याचे पाणी एकाच नावाने सांगितले, तर बाहेर काढायला कुणी वेळेवर येत नाही.

त्यावर ‘तणाव’ हा पर्याय पुढे केला जातो, पण तो चालणार नाही. दंगलीच्या बातमीत आणि आरोग्याच्या सदरात तो रुळला. स्वयंपाकघरात, पारावर तो आला नाही. नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. जुने शब्द अजून जिवंत आहेत, विशेषतः साठीच्या पुढच्या बायकांच्या बोलण्यात. चंदगडच्या बोलीत आणि शिरोळच्या बोलीत ते सारखेच असतील असेही नाही.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा 2022 पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. तिथल्या समुपदेशकाला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, गावातल्या आशाताईला हे शब्द माहीत हवेत, म्हणजे ‘टेन्शन आहे’ हे ऐकून गोळी लिहिण्याआधी त्यांना विचारता येईल, ‘घोर कुणाचा लागलाय? विवंचना पैशाची आहे का? की जुनी रुखरुख आहे?’ शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना तालुक्या-तालुक्यांत पाठवून काळजीचे असे शब्द, ते कोण कधी वापरते यासह, गोळा करावेत आणि ती यादी जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोहोचवावी. हे शब्द वापरणारी पिढी थकत चालली आहे. हे काम याच वर्षी हाती घ्यावे.